लोटलेलं दार आणि स्पंज केक

…नाही, पण मी म्हणतो, दार उघडायचंच नसेल तर त्याला मूठ कशाला लावतात? सांगा ना! मूठ दिसली की माणसाचा हात जाणारच! आणि आमची ही कंबरेवर हात ठेवून म्हणते, "पाऊण तास या ओव्हनच्या दाराला कोणी बोट लावायचं नाही." कोणाला सांगतेय? मला! अहो, मी जन्मभर दुसऱ्यांची पार्सलं उघडून बघण्याचा पगार घेतलाय! कस्टममध्ये होतो मी. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असायचं, आत कपबश्या आहेत म्हणून. तरी उघडायचं. कारण लिहिलंय ते खरं कशावरून? बघू तरी! लोक म्हणायचे, साहेब, आत कपबश्याच आहेत हो. मी म्हणायचो, असतील, माझं कुठे काय म्हणणं आहे, पण बघू तरी! आता तुम्हाला वाटेल ही खात्याची सवय. खात्याची कसली, तुम्हाला सांगतो, हे आमच्या घराण्याचं दुखणं आहे. नोकरी नंतर लागली.

आमच्याकडे झाकलेलं काही राहूच शकत नाही! आमची आई घ्या. ऐंशीच्या पुढे वय, गुडघे कधीच गेले, पण स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज झाला की आतल्या खोलीतून भिंत धरत धरत येते, झाकण उचलते, वाफ तोंडावर घेते, "अजून नाही झालं" म्हणते, आणि भिंत धरत धरत परत जाते. तिला करायचंय का काही? काही नाही! बघू तरी! माझी थोरली बहीण, ताई, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते, ती हॉस्पिटलात नर्स होती. पेशंटला पट्टी बांधून झाली की हिला चैन पडायचं नाही. "जखम कशी भरतेय, बघू तरी" म्हणून कोपरा उचलायची. शेवटी डॉक्टर हात जोडून म्हणाले, "सिस्टर, भरू तर द्या!"

आणि आमची ही? ही अगदी उलट. हिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ. अख्खं लहानपण डार्करूममध्ये फिल्मा धुण्यात गेलं. तिथे वेळेआधी कोणी दार उघडलं की संपलं, एखाद्याचं अख्खं लग्न पांढरं फटक! त्यामुळे दार बंद म्हणजे बंद, हे हिच्या हाडात मुरलेलं. आणि नशीब कसं बघा, पडली कुठे येऊन? आमच्यात.

आता तुम्ही म्हणाल, हे केकचं काय बोलत होता? हां, तेच सांगतोय, जरा दम धरा. आमच्याकडे केक होत नाहीत असं समजू नका हं. भरपूर होतात. पण कुठले? बघितलेलं ज्यांना चालतं ते! माझा आवडता केळ्याचा. कोणी खाणार नाही अशी काळी पडलेली केळी घ्यायची, काट्याने चेचायची, त्यात दोन अंडी, साखर, वाटीभर तेल, मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, सगळं एकाच भांड्यात ढवळायचं आणि द्यायचं ढकलून. मग दहादा दार उघडा, सुरी खुपसा, जागा बदला, बिचारा हूं की चूं करत नाही. आईचा आवडता सुक्या मेव्याचा. मनुका, खजूर, अक्रोड आदल्या दिवशी संत्र्याच्या रसात भिजत घालायचे. त्यातले निम्मे "भिजले का, बघू तरी" करत आईच संपवते, ते सोडा. पण तो केक इतका जड, की जो मुळात फुगतच नाही तो बसणार कुठे? ताईचा चॉकलेटचा. त्याचं तर नशीबच मोठं! लोणी आणि चॉकलेट एकत्र वितळवायचं, अंडी, साखर, मैदा कमीच, आणि तो मधे कच्चा राहिला तर लोक नावं ठेवत नाहीत, उलट म्हणतात, वा, काय ओलसर झालाय! अशी माणसंसुद्धा बघितलीत मी, बिघडली की कौतुक होणारी.

आणि आमच्या चिऊचा? चिऊ म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. तिला आवडतो स्पंज. साधा, पिवळा, हलका, लिंबाची साल किसून घातलेला. नेमका तोच! सगळ्या केकांमध्ये जो महामानी, ज्याला कोणी डोकावलेलं खपत नाही! आत फुगत असताना दाराची फट जरी झाली, गार वारा लागला, की फुस्स! बसलाच मधे! तिच्या प्रत्येक वाढदिवसाला आमच्यापैकी कोणीतरी "बघू तरी" केलंच, आणि प्रत्येक वाढदिवसाला ही तोंडातून चकार शब्द न काढता त्या खड्ड्यात क्रीम भरून मोकळी झाली. मी बघायचो ना तिचा चेहरा. पण सांगणार कोणाला, बहुतेकदा मीच तर उघडलेलं असायचं दार!

असो. तर चिऊ आली. दुसऱ्या गावी नोकरीला असते, तिथेच तिचं लग्न जमलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, हॉल ठरलेला, ताईने तर नेसायचं काय तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आणि एक दिवस चिऊ दोन बॅगा घेऊन दारात उभी. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, म्हणाली, "मी लग्न मोडलंय. मला थोडे दिवस कोणी काही विचारू नका. वाटलं की मीच सांगेन." आणि गेली आपल्या खोलीत. दार लोटलं.

लोटलं हं! कडी नाही लावली! अहो, कडी लावली असती तर माणूस म्हणतो, चला, इलाज नाही. पण नुसतं लोटलेलं दार! नुसतं बोट टेकवलं तर उघडेल असं! आणि ते कोणाच्या घरात? आमच्या! आत माझी पोरगी, तिच्या मनात काहीतरी मोठं, आणि बाहेर आम्ही तिघं जन्माचे डोकावे!

आठवडा काढला आम्ही, तुम्हाला सांगतो, आठवडा! आईचे गुडघे कुठल्या कुठे पळाले, दिवसभर पॅसेजमध्ये येरझाऱ्या. चिऊच्या दारापाशी आली की पाय आपोआप थांबायचे. मी म्हणायचो, "आई, काय गं?" तर म्हणायची, "काही नाही रे, दम लागला." रोज त्याच जागी दम लागायचा! ताई खालून वर यायची, हातात थर्मामीटर. "ताप नाही ना पोरीला? बघू तरी." ही स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "वन्सं, दार बंद आहे." की ताई थर्मामीटर झटकत परत खाली. मी? मी पॅसेजमधला दिवा दुरुस्त करत होतो. चांगला चालू दिवा! स्टुलावर चढून बल्ब काढायचा, पुसायचा, परत लावायचा. स्टुलावरून दाराच्या वरच्या फटीतून छत दिसायचं तिच्या खोलीचं. छत बघून काय कळणार? पण बघत होतो.

आणि ताट परत यायचं. हेच ते खरं, बाकी सगळी गंमत सोडा. ही ताट आत ठेवून खाली मान घालून बाहेर यायची, आणि तासाभराने ताट जवळजवळ जसंच्या तसं. आतून आवाज नाही. रडण्याचा नाही, फोनवर बोलण्याचा नाही. अहो, जन्मभर मी खोकी नुसती हलवून सांगितलंय आत काय असेल ते, आणि पोटच्या पोरीच्या मनात काय आहे ते मला कळेना. काळीज तुटत होतं हो. विचारायचं नाही, बघायचं नाही, मग बापाने करायचं तरी काय?

शेवटी ही म्हणाली, "आज स्पंज करू या. निदान वासाने तरी तिला बाहेर यावंसं वाटेल. पण एक सांगते, आज तो बसता कामा नये. एकदा तरी माझ्या मुलीला धड स्पंज मिळू दे." आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली हं. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या.

मग सुरू झालं. स्पंज म्हणजे काय सोपा नाही, महाराजा! पहिलं म्हणजे अंडी फोडायची आणि पांढरं वेगळं, पिवळं वेगळं. पिवळ्याचा एक थेंब पांढऱ्यात गेला की पांढरं रुसतं, फुगतच नाही. ही एकेक अंडं अलगद फोडतेय आणि आई मधेच, "हे ताजं आहे का गं, बघू तरी," टचकन! "हेही बघू," टचकन! खाली जाऊन परत अंडी आणावी लागली. मग पांढरं फेटायचं. किती? तर ही म्हणाली, "भांडं उलटं केलं तरी खाली पडणार नाही इतकं." आता हे वाक्य आमच्या घरात बोलावं का? बोलावं का तुम्हीच सांगा! ताईने भांडं उचललं, "खरंच पडत नाही? बघू तरी!" आणि धरलं माझ्या डोक्यावर उलटं! पडलं. सगळंच्या सगळं पडलं! कपाळावरून, भुवयांवरून, चष्म्यावरून ओघळतंय, आणि ताई म्हणते कशी, "नाही, अजून फेटायला हवं होतं." अगं, हे मला न भिजवता नसतं का कळलं? आणि कपाळावर हात मारून घ्यावा तर कपाळ चिकट!

दुसऱ्यांदा फेटलं. हात गळून आले, पण फेटलं. या वेळी भांडं उलटं केलं तर ढिम्म हललं नाही. मग चमचा चमचा साखर, मग पिवळं, मग लिंबाची किसलेली साल, पिवळीच हं, खालची पांढरी आली की कडू होतो. मग मैदा चाळायचा. एकदा नाही, तीनदा! मी म्हटलं, "अगं, एकदा चाळला की झालं ना?" तर म्हणाली, "मैद्यात वारा भरायचाय." वारा! विकत घेतो मैदा आणि खायचा वारा! आणि तो मैदा ढवळायचा नाही, बरं का. केळ्याच्या केकसारखी दांडगाई नाही चालत. "खालून उचला आणि वरून सोडा, हलक्या हाताने, हलक्या… अहो, हलक्या म्हटलं ना! पोत्यात सिमेंट कालवताय का?" डब्याच्या तळाला कागद, पण कडेला लोणी अजिबात नाही. का? तर केक डब्याची कड धरून वर चढतो, कड निसरडी असली की घसरतो. हे मला पटलं. वर चढायचं तर धरायला काहीतरी लागतंच की माणसाला.

आणि मग गेला डबा आत. आता आमचा ओव्हन. लग्नात आलेला म्हणालात तरी चालेल इतका जुना. दाराला काच आहे, पण काळी ठिक्कर. आतला दिवा कधीचा मेलाय. आणि दाराची स्प्रिंग ढिली, जरा धक्का लागला की "या, बसा" म्हणून आपोआप उघडतं! हिने काय केलं, खुर्ची आणून ओव्हनला पाठ लावून ठेवली, आणि मला म्हणाली, "बसा." म्हटलं, "मी?" म्हणाली, "दुसरं कोण? तुमचा हात मागे पोचत नाही." म्हणजे चोराच्या हातात किल्ली नाही दिली, चोरालाच कुलूप केलं!

बसलो. समोर स्टुलावर आई, दाराशी ताई, मधे ही, हातात घड्याळ. पाठ शेकून निघाली माझी. थोड्या वेळाने वास यायला लागला. अहाहा, लिंबाचा आणि भाजत्या साखरेचा! झालं! आई म्हणाली, "वास आला, झाला असेल." ही म्हणाली, "नाही झाला." ताई म्हणाली, "नुसती बोटभर फट…" ही म्हणाली, "नाही." आई म्हणाली, "अरे तू जरासा पुढे सरक, मी खालून वाकून…" मी म्हटलं, "आई, तुला वाकता येत नाही!" तर म्हणाली, "प्रयत्न करून बघू तरी!" आणि माझी काय अवस्था सांगू? दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसलो होतो. मागे केक फुगतोय की बसलाय, सोनेरी झालाय की काळा, काही कळायला मार्ग नाही. जन्मात एवढा त्रास झाला नव्हता मला.

आणि तेवढ्यात काय झालं माहितीये? ही माझ्याजवळ आली, एकदम हळू आवाजात म्हणाली, "अहो, उघडून बघू का?" मी थक्क! ही? ही म्हणतेय? म्हटलं, "अगं, आता? ओव्हन?" ती पॅसेजकडे बघत होती. म्हणाली, "ओव्हन नाही हो." डोळे भरले होते तिचे. आठवडाभर आम्हाला "दार बंद आहे, दार बंद आहे" म्हणणारी ही! आणि मी, पार्सलं फोडणारा मी, तिला काय म्हणालो असेन? म्हटलं, "नको. तिने सांगितलंय ना. थांबू या." माझं मलाच नवल वाटलं. आईसुद्धा माझ्याकडे कोणीतरी परका बसलाय अशी बघायला लागली.

आणि दार उघडलं. ओव्हनचं नाही हो, चिऊचं! केस विस्कटलेले, कपडे चुरगळलेले, डोळे सुजलेले, अशी ती पॅसेजमधून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आम्ही चौघं पुतळे. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेईना, न जाणो, परत जायची! तिने आईकडे बघितलं, ताईकडे बघितलं, माझ्या भुवईत वाळलेल्या अंड्याकडे बघितलं. म्हणाली, "कसला वास येतोय?" पुढे आली. "बाबा, काय आहे आत? बघू." आणि हात पुढे केला, मुठीकडे!

आता सांगा! अजून निदान दहा मिनिटं बाकी होती. केक ऐन फुगण्यात होता, माझ्या पाठीला कळत होतं ते. ताईचं तोंड उघडलं, मिटलं. मी हिच्याकडे बघितलं. हिने मान हलवली, हो म्हणून. आठवडाभर जी पोरगी ताटाकडे बघेना, भिंतीकडे तोंड करून पडून होती, ती काहीतरी बघायला मागतेय, आणि मी तिला म्हणू, नाही, थांब, स्पंज आहे? उठलो. मुकाट्याने उठलो, आणि माझ्या हाताने खुर्ची बाजूला सरकवली.

तिने दार उघडलं. फुस्स!

मी ऐकलं ते, तुम्हाला सांगतो, कानांनी ऐकलं. इतका सुंदर, इतका उंच, डब्याच्या वर आलेला स्पंज, आमच्या घरातला जन्मातला पहिला, आणि डोळ्यांदेखत खाली! चिऊ म्हणाली, "अय्या, बसला!" आणि हसली. हसली हो! केक गेला खड्ड्यात, आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

दार लावून तसाच भाजून घेतला. गरमच होता, तरी चिऊ ओट्यावर चढून बसली, क्रीम भरेपर्यंतसुद्धा थांबली नाही, डब्यातूनच चमच्याने खायला लागली. एक घास, दुसरा घास, निम्मा केक! मग आपणहून म्हणाली, "त्यांच्या घरात ना बाबा, कोणी कोणाला काही विचारतच नाही." म्हणाली, "मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा आजारी पडले. दोन दिवस खोलीत तापाने फणफणतेय, एक माणूस डोकावलं नाही. का, तर म्हणे आमच्याकडे एकमेकांच्या खाजगी गोष्टीत लक्ष घालत नाहीत. तो पण तसाच. नंतर विचारलं तर म्हणाला, मला वाटलं तुला एकटीला राहायचं असेल. मला इतकी भीती वाटली, बाबा. म्हटलं, या घरात मी मेले तरी यांना महिनाअखेरीस कळेल."

ताईने पदर डोळ्याला लावला. आणि मी, खरं सांगतो, छाती फुगली माझी. म्हटलं, बघा, शेवटी आमच्याच घराण्याची किंमत कळली की नाही! तर चिऊ चमचा खाली ठेवून म्हणते, "आणि मी इथे आले, आपल्या घरी! म्हटलं, आजी तरी पाच मिनिटांत येऊन बसेल. तर तुम्हीसुद्धा? आठवडाभर? आई ताट ठेवून खाली मान घालून जाते, बाकी एकानेही डोकावून बघितलं नाही! मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात!"

म्हटलं, "अगं बाई, पण तूच म्हणालीस ना, कोणी काही विचारायचं नाही म्हणून?"

तर म्हणाली, "मी म्हटलं म्हणून काय खरंच विचारायचं नाही?"

घ्या! जन्मात पहिल्यांदा आम्ही एका दारात डोकावलो नाही, जीव मुठीत धरून डोकावलो नाही, आणि बोलणी खाल्ली ती त्याबद्दल! बरं, आता विचारायला हरकत नाही म्हटल्यावर जो बांध फुटला! आई म्हणते, "मग तो काय म्हणाला गं शेवटी?" ताई म्हणते, "ताप किती होता? औषध कोणतं दिलं?" ही म्हणते, "त्याच्या आईला माहिती आहे का?" मी म्हणतो, "हॉलवाल्याला कोणी कळवलं?" चौघं एकदम, चारी बाजूंनी, एका श्वासात! चिऊने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, ओट्यावरून उडी मारली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "शी बाबा! तुम्ही लोक ना, माणसाला जरा म्हणून मोकळं सोडत नाही!"

आता बोला! मी उरलेला केक कापला आणि ताटलीत घालून तिच्या हातात दिला.